‘फूड जस्टिस’ला मराठीत काय म्हणायचं? ‘अन्नन्याय’ जमत नाहीये

जव्हारकर: आमच्याकडे रेशन, अंगणवाडी आणि रोजगार हमी या तिन्ही विषयांवर मिळून सभा घ्यायचीय. इंग्रजी पत्रकात ‘फूड जस्टिस’ होतं, मी त्याचं सरळ अन्नन्याय केलं आणि कापडी फलकावर रंगवूनही टाकलं. काल पाड्यावर वाचून दाखवलं तर एक आजी म्हणाल्या, कुणावर अन्याय झालाय? दोनदा नीट सांगितलं तरी त्यांना अन्यायच ऐकू येत होतं. तुम्हीही जरा भरभर म्हणून बघा, सगळे न एकमेकांत मिसळतात आणि हातात अन्यायच उरतो. अन्नसुरक्षा हा शब्द २०१३ च्या कायद्यामुळे रुळलाय, पण तो उच्चारला की लोकांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य एवढंच डोळ्यासमोर येतं. भूक मुळात येते कुठून, ते त्या शब्दात कुठेच नाही. काय लिहू?

माणदेशी: दादा, शब्दांवरून आठवलं. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढला आणि त्या जागी ‘टंचाई’ घातला. कारण काय, तर टंचाईची चिन्हं दिसली की सरकार लगेच मदत देतं, त्यामुळे दुष्काळ पडायला आता वावच नाही. नऊच वर्षांनी बाहत्तरचा दुष्काळ पडला, आणि माझी आजी खडी फोडायला गेली, हातावर फोड आलेले, दुपारी ओंजळभर सुकडी मिळायची ती निम्मी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची, तिने आयुष्यात कधी ‘टंचाई’ म्हटलं नाही, बाहत्तरचा दुष्काळ असंच म्हणायची. टंचाई म्हटलं की काहीतरी थोडं कमी पडतंय असं वाटतं, टँकर आला की मिटलं. दुष्काळात काम नसतं, हातात पैसा नसतो, बाजारात ज्वारी असली तरी घेता येत नाही.

त्याच वेळी घडलेला एक शब्द मात्र मला फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे हमी. वि. स. पागेंची रोजगार हमी योजना, तिचा कायदा १९७७ चा. मदत म्हटलं तर देणाऱ्याची मर्जी, हमी म्हटलं की मागणाऱ्याला अधिकार. तुमच्या फलकावर हमी यायलाच पाहिजे असं माझं मत.

डहाणूची: मला ‘कुपोषण’ या शब्दाचा राग येतो, खरंच येतो. कु म्हणजे वाईट, म्हणजे वाईट पोषण, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की आईने नीट खाऊ घातलं नाही का. १९९२ ला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली तेव्हापासून हा शब्द आमच्या भागाला चिकटलाय. आई कुठे असते ते कुणी विचारत नाही. पावसाळ्यात घरातलं भात संपतं, वरईनागलीचा कणगा रिकामा होतो, मग गणपतीच्या आसपास वीटभट्टीवाल्याकडून बयाणा, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, उचलायचा, दिवाळी झाली की अख्खं कुटुंब भट्टीवर, पाऊस यायच्या आधी परत, आणि हिशोबाला बसलं की बयाणा फिटलेलाच नसतो, पुढच्या वर्षी परत तीच भट्टी. पोराचं वजन अंगणवाडीच्या काट्यावर दिसतं, बयाणा कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

आमच्याकडचा एक शब्द घ्या, खावटी. विकायचं नाही, घरात खायला ठेवायचं ते धान्य म्हणजे खावटी. ती संपली की जे उसनं काढायचं त्यालाही खावटीच म्हणतात. सरकारी योजनाही आधी खावटी कर्ज अशीच होती, २०२० मध्ये खावटी अनुदान झाली, कुटुंबाला ४००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. एकाच शब्दात साठा पण आणि कर्ज पण, आणि आमच्या लोकांचं वर्ष या दोन अर्थांच्या मधेच जातं.

वऱ्हाडी: ताई, बयाणाचं बरोबर बोललात. मी ‘लाभार्थी’बद्दल सांगतो. गेल्या महिन्यात रेशनच्या रांगेत होतो. पुढच्या मावशींचा अंगठा मशीनवर लागेना, निंदण-खुरपण करून बोटावरच्या रेषाच राहिल्या नाहीत, त्या लुगड्याला बोट पुसत, फुंकर घालत, परत टेकवत, चार वेळा झालं. दुकानदार म्हणाला, लाभार्थी दाखवत नाही, उद्या या. समोर उभी असलेली बाई दिसत नाही आणि लाभार्थी दिसला पाहिजे! लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. कायद्याने तर तिला धान्य देणं लागतं, मग ती हक्कदार झाली ना. तसाच शिधापत्रिकेतला ‘शिधा’. गोसाव्याला, वाटसरूला, ब्राह्मणाला न शिजवलेलं धान्य द्यायचे तो शिधा, दानातला शब्द. तिथे घेणाऱ्याला भांडायची सोयच नाही.

माणदेशी: पण भाऊ, त्याच दुकानाच्या पाटीवर काय असतं? रास्त भाव दुकान. रास्त हा फारसीतून आलेला शब्द, सरळ, खरा, वाजवी. ‘तुमची मागणी रास्त आहे’ असं आपण रोज म्हणतो. म्हणजे न्यायाचा शब्द पाटीवर आधीपासून आहे, फक्त तो भावापुरता राहिलाय. भाव रास्त पाहिजे तशी मजुरीही रास्त पाहिजे.

डहाणूची: हे पटलं. आणि ‘वाटा’ घ्या त्याच्यासोबत. वाटप नको. वाटप वरून होतं, वाटा आपला असतो, भावकीत जमिनीचा असतो तसा. आमच्यात शिकारीचा वाटा मोजून, जो घरी थांबला त्याचाही काढतात.

जव्हारकर: सगळ्यांचे आभार, मनापासून. अन्नन्याय पुसला. मोठ्या अक्षरात ‘अन्नाचा रास्त वाटा’ केलंय आणि खाली बारीक अक्षरात रेशनचा हक्क, कामाची हमी. हमी माणदेशींमुळे. आज संध्याकाळी त्याच आजींना वाचून दाखवलं, यावेळी एकदाच वाचावं लागलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, मग बयाणाचं पण बोलणार का सभेत, की नुसतं रेशन? जागा उरली नव्हती, कडेला उभं लिहिलंय: बयाणा.