केशरी रेशनकार्ड, आईचं इंजेक्शन

आईला स्तनाचा कर्करोग, हर-टू पॉझिटिव्ह (गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त). त्यावरचं ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी, वर्षभर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं, पण या इंजेक्शनचं म्हणाले, "बाहेरून आणा". तीन डोस झाले, बाबांनी म्हैस विकली. पुढे काय करू?

↳ ताई, आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. "बाहेरून आणा" हे तोंडी ऐकून उठू नका. रुग्णालयाने योजनेकडे मंजुरीची विनंती पाठवली का, नाकारली असेल तर कारण काय, ते कागदावर मागा. माझ्या वडिलांच्या वेळी विनंती गेलीच नव्हती! दोन महिने आम्ही नशिबाला दोष देत बसलो.

↳ डॉक्टरांना बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची स्वस्त आवृत्ती, लिहून द्यायला सांगा, किमतीत बराच फरक पडतो. अमृत फार्मसीतही (सरकारी योजनेतलं सवलतीच्या औषधांचं दुकान) भाव विचारा. आणि धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका.

↳ २०२४ च्या बजेटात कर्करोगाच्या तीन औषधांवरची कस्टम ड्युटी काढली ना?

↳ दादा, त्यातलं ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान वेगळं औषध. नावावर जाऊ नका.

↳ आरोग्यमित्र भेटला. विनंती खरंच गेली नव्हती. चौथा डोस सोमवारी आहे, दाखल्याची पावती पर्समध्येच ठेवलीय.