शाळेचं छत आणि ग्रामसभेचा ठराव

शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, मग तिच्या दुरुस्तीचा विषय ग्रामसभेत मांडून काय उपयोग, असं काही जण विचारतात. ते मला अर्धंच पटतं. मालकी जिल्हा परिषदेची, हे खरं. पण 15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानात 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी-स्वच्छतेसाठी राखलेले, आणि 40 टक्के अबंधित होते. वेतन आणि आस्थापना खर्च सोडून गावाच्या गरजेला अबंधित पैसा वापरता येत होता. शाळेची दुरुस्ती ही गरज नाही तर काय? गावाचा विकास आराखडा ठरताना पालक गप्प बसले की पेव्हर ब्लॉक आणि कमानी पुढे सरकतात, हे आमच्या गावात पाहिलंय.

मोडकळीस आलेली खोली पाडायला निर्लेखनाची, म्हणजे ती वापरातून बाद करण्याची, मंजुरी लागते आणि ती कागदपत्रं महिनोन्‌महिने फिरतात. तोवर मुलांना त्या खोलीत बसवू नका, समाजमंदिरात वर्ग भरवा, एवढा ठराव तरी लगेच करा. 2017 साली नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत छत पडून मुलं गेली. 2025 च्या जुलैत राजस्थानात झालावाडजवळ पिपलोदीत सात मुलं गेली. दोन्ही वेळा पावसाळाच होता.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी संख्या पुरते. शाळा व्यवस्थापन समितीने पालकांना घेऊन जावं, ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्यावी. हे मेच्या सभेतच व्हायला हवं, पाऊस ऑगस्टच्या सभेची वाट पाहत नाही.