हर्णै बंदरावर (दापोलीजवळ) फोटो काढायला ५० एमएम लेन्स पुरेल का?
५० एमएम १.८ (झूम नसलेली लेन्स) स्वस्त आणि शार्प, असं या चर्चेत वर म्हटलंय ते मान्यच, पण क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ती निकॉनला ७५ आणि कॅननला ८० एमएमसारखी वागते, फ्रेममध्ये दृश्य कमी मावतं, म्हणजे हर्णैच्या मासळी लिलावात टोपल्या, बोली लावणाऱ्या बायका आणि मागच्या होड्या एकत्र घ्यायच्या तर मागे सरकायला जागाच नसते. तिथे कॅमेऱ्यासोबत किटमध्ये येणारी १८-५५ एमएमची झूम लेन्सच बरी, १८ ला जास्त दृश्य मावतं.

लेन्स बदलण्याबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर खारे तुषार आणि बारीक वाळू येते, लेन्स काढून कॅमेऱ्याची बॉडी तिथे उघडायचीच नाही, काय ती लेन्स घरूनच लावून निघायचं. काचेवर काही बसलं तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), कोरडं फडकं मारलंत तर ओरखडे ठरलेले. आणि पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवू नका हो, बुरशी धरते! हवाबंद डबा आणि निळं सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे), ते ओलावा पिऊन गुलाबी झालं की तापवून परत वापरायचं.