अनुभव धागा : पोराला अ‍ॅलर्जी आहे, शाळेत कसं सांभाळता?

जूनमध्ये शाळा सुरू होतील. घरात निभतं, बाहेरचं काय? कोल्हापूरकरांनो, लिहा. डोस मात्र इथं कुणी सांगू नका, ते डॉक्टरांचं काम.

राजारामपुरीची आई
लेकीला शेंगदाणा चालत नाही. आणि आपल्याकडं कूट कशात नसतो? उपासाची खिचडी, कोशिंबीर, भरलं वांगं, संक्रांतीचे लाडूसुद्धा. सासूबाई म्हणायच्या, "आवं, चिमूटभर कुटानं काय हुतंय?" एका बारशात लेकीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, खोकला थांबेना. आता सासूबाईच शेजारणींना दटावतात. तीळ चालतात हे डॉक्टरांकडून तपासून घेतलं, त्यामुळं वांग्यात तिळाचा कूट. मला तर तोच जास्त आवडतो.

शाळेत मात्र घाम फुटला. अ‍ॅड्रेनालिनचं, म्हणजे जोराच्या अ‍ॅलर्जीत तातडीनं द्यायचं इंजेक्शन ठेवून घ्यायला मुख्याध्यापक तयार नव्हते. "काही झालं तर जबाबदार कोण?" शेवटी डॉक्टरांनी सही-शिक्क्याचं पत्र दिलं : श्वास लागला, आवाज बसला, पोरगी गळून गेली तर वाट न बघता मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. खाजेची गोळी अशा वेळी पुरत नाही. वर्गशिक्षिका स्वतः येऊन शिकल्या. पत्राची प्रत वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय.

रंकाळ्याजवळचा बाबा
आमचा दम्याचा. गळीत हंगामात शिवारात पाचट पेटलं की याची छाती वाजायला लागते. "पंपाची (इन्हेलरची) सवय लागते" हे ऐकून कान किटले. नाही लागत. शाळेनं पंप ऑफिसच्या कुलपात ठेवलेला. किल्ली शिपाईमामांकडं, मामा बँकेत! आता स्पेसरसकट (पंपाला लावायची नळी) दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. जोतिबाला जातो, पण चैत्र यात्रेत नाही. एवढा गुलाल त्याला झेपत नाही.

गंगावेशीतली मावशी
भाच्याला गाईच्या दुधाची. जो तो सांगतो, म्हशीचं द्या, शेळीचं द्या. प्रथिनं बरीचशी सारखीच, त्यामुळं तेही बंद. पुड्यावर 'केसीन' किंवा 'व्हे' (दोन्ही दुधातलीच प्रथिनं) दिसलं की पुडा परत फळीवर.

नाव नको
रक्ततपासणीच्या एका 'पॅकेज'मध्ये भात, टोमॅटो, केळं, सगळंच लाल, म्हणजे अ‍ॅलर्जी आहे असं आलं. पोरगं रोज भात खातंय, काही होत नाही! नुसत्या रिपोर्टवर अ‍ॅलर्जी ठरत नाही, खाल्ल्यावर काय होतं ते आधी बघायचं, असं बालरोगतज्ज्ञ म्हणाले. भात परत सुरू.

शिक्षिका, कसबा बावडा
वाढदिवसाची चॉकलेटं वाटताना एकच पोर हात मागं घेतं, ते बघवत नाही. त्याला चालेल असा खाऊ डब्यात भरून आमच्याकडं ठेवा. पन्हाळ्याच्या सहलीला औषधाची पिशवी बसच्या डिकीत नको, माझ्याकडं द्या. आणि एक्स्पायरीची तारीख तुम्हीच बघत जा.

राजारामपुरीची आई
बाई, आत्ताच बघितली. ऑगस्टची आहे, शाळा उघडायच्या आत बदलते.