मदत हवी आहे: एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सोनोग्राफी केली की प्रत्येक बाळाचं फुप्फुस पांढरंच दिसतं

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. आमच्या एनआयसीयूत पोर्टेबल मशीन आहे, सोबत १२ मेगाहर्ट्झचा लिनियर (सपाट) प्रोब आणि एक मायक्रोकॉन्व्हेक्स (लहान, वक्र) प्रोब. ३१-३२ आठवड्यांची, सीपॅपवर (नाकावाटे सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) असलेली बाळं पाहताना सगळीकडे बी-लाइन्सच (खाली जाणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा) दिसतात. आरडीएस (अपुऱ्या वाढीच्या फुप्फुसांचा श्वसनविकार) कुठला आणि टीटीएन (फुप्फुसातलं पाणी उशिरा ओसरल्याने काही काळ लागणारी धाप) कुठला, हे कळत नाही. नाळेतल्या शिरेत घातलेल्या कॅथेटरचं टोकही सापडत नाही. प्रीसेट (मशीनची तयार मांडणी) ॲबडोमेनचा, म्हणजे पोटाचा आहे, खोली १० सेंमी. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १ (वडोदरा)

डॉक्टर, उत्तर तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच आहे. बाळाचा प्लुरा (फुप्फुसावरचं पातळ आवरण) कातडीखाली जेमतेम सेंटिमीटरभर असतो. खोली १० सेंमी ठेवली तर तो वरच्या कडेला चिकटलेला दोरा दिसणार. 'स्मॉल पार्ट्स' किंवा फुप्फुसाचा प्रीसेट घ्या, खोली ३ ते ४ सेंमी करा आणि फोकस प्लुराच्या रेषेवर आणा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपाउंड इमेजिंग (अनेक कोनांतल्या प्रतिमा जुळवणं) आणि हार्मोनिक या प्रतिमा सुधारणाऱ्या सोयी बंद करा. त्या प्रतिमेतले भास पुसायला दिलेल्या आहेत आणि फुप्फुसात आपण वाचतो ते भासच. त्या चालू राहिल्या की ए-लाइन्स (प्लुराला समांतर आडव्या रेषा) पुसट होतात आणि बी-लाइन्स फुगून एकमेकींत मिसळतात. मग गेन (प्रतिमेचा उजळपणा) इतका कमी करा की प्लुरा लख्ख दिसेल, पण त्याखालचा भाग दूध सांडल्यासारखा होणार नाही.

एवढं करूनही पहिल्या दिवशी निरोगी बाळात थोड्या बी-लाइन्स दिसतात. फुप्फुसातलं पाणी अजून ओसरत असतं. त्यावरून घाबरू नका.

आरडीएसमध्ये दोन्ही बाजू पांढऱ्या असतात, मध्ये चांगला पट्टा सुटलेला नसतो आणि प्लुरा जाड, तुटक, त्याखाली बारीक घट्ट ठिपके. टीटीएनमध्ये प्लुरा बारीक आणि सलग असतो. फुप्फुसाच्या खालच्या भागात दाट बी-लाइन्स, वरच्या भागात बरंच मोकळं. या सीमेला डबल लंग पॉइंट म्हणतात. तो प्रत्येक बाळात सापडत नाही आणि सापडला म्हणून टीटीएनच, असंही नाही. शंका असेल तर २ ते ४ तासांनी पुन्हा बघा.

फुप्फुसाच्या सोनोग्राफी स्कोअरसाठी दर बाजूला तीन भाग: वरचा पुढचा, खालचा पुढचा, बाजूचा. प्रत्येकी ० ते ३, एकूण १८. बाळाला पालथं करायची गरज नाही. सर्फॅक्टंटचा (फुप्फुसं उघडी ठेवणाऱ्या औषधाचा) निर्णय मात्र निव्वळ आकड्यावर नको. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत सीपॅपचा दाब पाण्याच्या ६ सेंमी इतका किंवा जास्त असताना ऑक्सिजन ३० टक्क्यांपेक्षा अधिक लागणं, किंवा सोनोग्राफीवर गरज दिसणं, असे दोन्ही निकष आहेत.

धागाकर्ता

न्यूमोथोरॅक्सचं (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेल्या हवेचं) काय? स्लायडिंग (श्वासाबरोबर प्लुराचं सरकणं) दिसलं नाही तर हवा काढायला सुई घालायची का?

प्रतिसाद २ (ग्वाल्हेर)

नुसत्या तेवढ्यावर नाही! श्वासाची नळी उजव्या श्वासनलिकेत उतरली असली तरी डाव्या बाजूचं स्लायडिंग थांबतं. तिथे 'लंग पल्स' दिसेल: हृदयाच्या ठोक्याबरोबर प्लुरा थरथरतो. न्यूमोथोरॅक्समध्ये तोही नसतो, बी-लाइन एकही नसते, आणि हवेची कड सापडली तर लंग पॉइंट (स्लायडिंग जिथे थांबतं ती जागा) मिळतो. जिथे एक जरी बी-लाइन दिसली, त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही. हाय फ्रीक्वेन्सी व्हेंटिलेटरवर स्लायडिंगवर भिस्त ठेवू नका.

जेलबद्दल एक. मोठ्या बाटलीतून पुन्हा पुन्हा घेतलेल्या जेलमधून बर्कहोल्डेरिया हा जिवाणू पसरतो. एकदाच वापरायचं निर्जंतुक पाकीट घ्या, आधी वॉर्मरखाली कोमट करा. पोह्यांवर शेव घालतात तितकं सढळ नको, १ किलोच्या आतलं बाळ पटकन गार पडतं. प्रोबबरोबर त्याची केबलही पुसा. नुसत्या स्पिरिटने प्रोबचा रबर तडकू शकतो, कंपनीने दिलेल्या यादीतलंच द्रावण वापरा.

प्रतिसाद ३ (इंदूर)

कॅथेटरसाठी मायक्रोकॉन्व्हेक्स घ्या. छातीच्या हाडाखाली, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, उभा धरा. यकृत ही खिडकी. कॅथेटर दोन समांतर चमकत्या रेषांसारखं दिसतं. टोक हरवलं तर अर्धा मिली सलाईन झटकन द्या, सलाईनमधले अतिसूक्ष्म बुडबुडे जिथून उसळतील तिथे टोक. सिरिंजमध्ये दिसेल इतकी हवा मुळीच नको. फोरॅमेन ओव्हेल (हृदयाच्या दोन कर्णिकांमधलं छिद्र) उघडं असतं, हवा थेट मेंदूकडे जाऊ शकते.

टोक आयव्हीसी (हृदयाकडे जाणारी खालची महाशीर) आणि उजव्या कर्णिकेच्या सांध्यावर हवं. यकृतातल्या शिरेत अडकलेलं असेल तर टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) सुरू करू नका. नाळ सुकली की टोक सरकतं, म्हणून २४ ते ४८ तासांनी पुन्हा पाहा.

आणि हो, मशीन फक्त नवजातांसाठी आहे म्हणून पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या) नोंदणीतून सुटत नाही. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावा आणि मशीन उसनं म्हणून दुसऱ्या नर्सिंग होमला देऊ नका.