लोकसभा ‘कनिष्ठ’ कशी?

गोदाकाठ
स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय. मूळ मजकुरात ‘लोअर हाऊस’ होतं, मी सवयीने ‘कनिष्ठ सभागृह’ लिहून पुढे गेले. मुद्रितं वडिलांना वाचायला दिली. ते निवृत्त शिक्षक, लाल पेन अजून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी शब्दाभोवती गोल काढून समासात लिहिलं, ‘जिने अविश्वास दाखवला की सरकार घरी जातं, ती कनिष्ठ? धनविधेयक १४ दिवसांपलीकडे अडवता येत नाही, ती वरिष्ठ?’ आणि वर, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ काय होतं ते मात्र आठवत नाही म्हणतात. परवा छपाईला जायचंय. काय लिहू?

सिन्नरकर
कनिष्ठच लिहा. मुलं परीक्षेला तेच लिहिणार. हिंदीतलं ‘निम्न सदन’ दाखवा वडिलांना, ‘कनिष्ठ’ एकदम गोड लागेल.

मेनरोडचे मास्तर
ताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा, पण ते चुकतायत. कनिष्ठ म्हणजे हलकं हा अर्थ कचेऱ्यांनी पक्का केला. कनिष्ठ लिपिक, कनिष्ठ अभियंता! पाणिनीचं सूत्र आहे, ‘युवाल्पयोः कनन्यतरस्याम्’. ‘युवन्’ आणि ‘अल्प’ दोघांच्याही जागी विकल्पाने ‘कन्’ येतो. म्हणजे कनिष्ठ हा सगळ्यांत लहान तसा सगळ्यांत तरुणही. आता बघा, लोकसभेला उभं राहायला वयाची २५ वर्षं पुरी लागतात, राज्यसभेला ३०. शिवाय राज्यसभा अस्तित्वात आली ३ एप्रिल १९५२ ला, लोकसभा १७ एप्रिलला. धाकटं भावंड आहे ते. आणि घरात कुणाचं चालतं, थोरल्याचं की धाकट्याचं?

उपनगर नाका
मास्तर, जमवलंय झकास, पण इंग्रजांनी ‘लोअर’ म्हटलं तेव्हा पाणिनीला विचारलं नव्हतं. तिकडे उमराव वर, सामान्य खाली, असा सरळ मानपान. आपण शब्दाबरोबर तो मानपानही आणला. आपल्या घटनेत वरचं-खालचं असं काही नाही. इंग्रजी प्रतीत ‘हाऊस ऑफ द पीपल’ आहे, ‘लोकसभा’ हे नाव वापरात आलं १४ मे १९५४ पासून. तेव्हा अध्यक्ष होते मावळंकर, म्हणजे अहमदाबादचे असले तरी घरचे मराठी. नेदरलँड्समध्ये तर लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहालाच ‘दुसरं सभागृह’ म्हणतात. तिथे कुणाचा अपमान झाल्याचं ऐकिवात नाही.

निफाडची सून
आमच्या सासूबाई ‘लोकसभा’ म्हणजे इमारत किंवा सभागृह असं समजतच नाहीत. त्यांच्यासाठी ती दिवाळीसारखी येते. ‘लोकसभेला कांदा चाळीतच होता’, ‘धाकटीचं लग्न मागच्या लोकसभेला झालं’. ‘यंदा लोकसभा आहे, रस्ता होईल.’ (नाही झाला.) ग्रामपंचायत छोटी, विधानसभा मधली आणि ही ‘मोठी निवडणूक’. त्यांना कनिष्ठ सभागृह म्हणून सांगितलं तर म्हणतील, ते नगरपालिकेचं असेल.

सिन्नरकर
सासूबाई जिंकल्या. ‘लोकसभा लागली’, ‘लोकसभेला पडला’ हे आम्हीपण म्हणतो. सभागृह गेलं, निवडणूक उरली.

भगूरकर
हाच आळस. शब्द चुकीचा वापरायचा आणि मग रूढ आहे म्हणायचं. आमच्या भगूरच्या सावरकरांनी ‘मेयर’ला ‘महापौर’ दिला तेव्हाही लोक हसले होते, आज शंभर टक्के रूढ आहे. ‘लोअर हाऊस’ला ‘लोकगृह’ म्हणा. प्रश्न मिटला.

उपनगर नाका
लोकगृह म्हणजे धर्मशाळा वाटते, दादा.

भगूरकर
दोन निवडणुकांत वाटणार नाही. वर्तमानपत्रं ‘बिनविरोध’ छापतात तेही मला खटकतं. फारसी ‘बिन’ संस्कृत ‘विरोधा’ला चिकटवलाय. ‘अविरोध’ म्हणा.

मेनरोडचे मास्तर
‘बिन’ फारसी कशावरून? ‘विना’चाच ‘बिन’ झाला असं मी मानतो. बिनपाण्याची केली, बिनबोभाट उरकलं, यात परकं काय आहे? आणि नाशिकात तरी या शब्दाला हात लावू नका. १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेत गेले ते बिनविरोध. संरक्षणमंत्री होते तेव्हा. आमचे वडील म्हणायचे, बोटाला शाई न लागता आम्ही दिल्लीला मंत्री धाडला. ‘अविरोध’ म्हटलं की मला नुसतं कुणी वाद घातला नाही असं वाटतं. ‘बिनविरोध’मध्ये समोर उमेदवारच नाही हे ऐकू येतं.

भगूरकर
ऐकू येतं ही व्युत्पत्ती नव्हे.

दिंडोरीचा दाजी
तुम्ही शब्दांवर वाद घालताय, आमच्याकडे शब्दाने मतं खाल्ली. २०२४ ला दिंडोरीत एका उमेदवाराचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. दुसऱ्या एकाचं चिन्ह ‘ट्रम्पेट’, आणि चिन्हांच्या यादीत त्याचं मराठी काय केलेलं? ‘तुतारी’! आडनावही दोघांचं एकच. त्या दुसऱ्याला लाखावर मतं पडली. निकाल फिरला नाही, पण मोजणीच्या दिवशी लोक डोक्याला हात लावून बसले होते. एरवी असा उमेदवार म्हणजे गाजराची पुंगी, एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त मतं नाही मिळाली की २५ हजारांची अनामत जाते, आमच्या राखीव जागेवर साडेबारा. इथे पुंगी वाजली की हो.

निफाडची सून
अगदी! आणि ते चित्र तुतारीचं नव्हतंच. तुतारी वाकडी, लांब, लग्नात मांडवाच्या दारात वाजते ती. चित्रात होती ती पिपाणी.

उपनगर नाका
पिपाणीसुद्धा नाही. पिपाणी जत्रेत मिळते ती. बँडवाल्यांकडची पितळी, कळा असलेली, तिला बँडवाले स्वतः ‘ट्रम्पेट’च म्हणतात. भद्रकालीत जाऊन विचारा. भाषांतरच करायला नको होतं, तसंच ठेवायचं.

भगूरकर
म्हणजे पुन्हा इंग्रजी. वा.

दिंडोरीचा दाजी
तसंच ठेवलं असतं तर आमची म्हातारी मंडळी चुकली नसती, एवढं मी सांगतो.

गोदाकाठ
मंडळी, सगळं वाचतेय, मजाही येतेय. पण माझ्या सभागृहाचं काय? वडील रोज विचारतात.

मेनरोडचे मास्तर
दाजी, तुमच्याकडे आंब्याची कोय उगवली की ती दगडावर घासून वाजवतात, तिला काय म्हणतात? आम्ही पिपाणी म्हणायचो.

दिंडोरीचा दाजी
पुंगी.

निफाडची सून
पिपाणीच! पुंगी गारुड्याची.

सिन्नरकर
सिन्नरला पुंगीच म्हणतात. आणि घासायची फरशीवर, दगडावर फुटते.