मदत हवी आहे: जळगावच्या उन्हातून थेट तुंगनाथ-चंद्रशिला, जमेल का?

राम राम मंडळी. दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार आणि पुढेमागे थोडी रजा टाकून आम्ही उत्तराखंडात चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला करायचं म्हणतोय. भुसावळहून रेल्वेने हरिद्वार, पुढे गाडीने चोपता. तिथपर्यंतचं जमेल.

खरी धास्ती उंचीची. आपलं जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर. चोपताच सुमारे २,७०० मीटरवर, तुंगनाथ मंदिर ३,६८० च्या आसपास आणि त्याच्या वरचं चंद्रशिला शिखर जवळपास ४,०००. अंतर काहीच नाही हो, मंदिरापर्यंत साडेतीन-चार किलोमीटर, तेही दगडी फरसबंद वाटेने. पण विरळ हवेत पाय नाही, डोकं धरतं म्हणतात. चोपत्याला एक मुक्काम पुरतो, की आधी वाटेत खालच्या उखीमठ गावाला थांबावं? सोबत काका आहेत, साठीच्या जवळचे, रक्तदाबाची गोळी चालू. (त्यांना घरी बसवायची कोणाची टाप नाही.) डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण अशा वयाच्या माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर अनुभव सांगा.

सरावाला सातपुड्यातला अस्तंबा करावा म्हणतोय. चढ दमवतो, पण उंची १,३२५ मीटरच. दम वाढेल, विरळ हवेची सवय थोडीच होणार? की पाटणादेवीच्या डोंगरात दर रविवारी घाम गाळणं पुरे?

आणि पहाटे चंद्रशिलेवर वारा कितपत झोंबतो? आमच्याकडे थंडीचे कपडे म्हणजे एक स्वेटर आणि मफलर. जाड जॅकेट चोपत्याला भाड्याने मिळतं का, की इथूनच घेऊन निघावं?